पट्टी होती, तरी चष्मा गेला: कोकणात वॉटर स्पोर्ट्स करताना वस्तू का हरवतात आणि काय करायचं

देवबाग-तारकर्लीला घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या आम्हा लोकांकडे हंगामात एक तक्रार ठरलेली असते: "पट्टी लावली होती हो, तरी चष्मा गेला." पट्टी म्हणजे चष्म्याच्या दोन्ही काड्यांना जोडून डोक्यामागे जाणारी दोरी. कधी चष्म्याच्या जागी अंगठी असते, कधी गाडीची किल्ली, कधी पाउचमधला फोन. मेअखेरीला जलक्रीडा बंद होतात तेव्हा तक्रारही थांबते. सप्टेंबरात होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या की तीच वाक्यं नव्या तोंडून ऐकू येतात. गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांनी काही ना काही खबरदारी घेतलेली असते. त्यामुळे नुसतं "सांभाळून" म्हणण्यात अर्थ नाही. घेतलेली खबरदारी नेमकी कुठे फसली, ते बघावं लागतं.

माझ्या मते घोळ एकच आहे. वस्तू अंगाला धरून ठेवणं हे एक काम, आणि ती सुटलीच तर पाण्यावर तरंगत राहणं हे दुसरं. बाजारातली बरीचशी साधनं यातलं एकच काम करतात आणि घेणारा दोन्ही झाली असं धरून चालतो. पातळ सिलिकॉनची पट्टी धरते, तरंगवत नाही. किल्लीचा फोमचा गोळा तरंगवतो, धरत नाही. सोन्याच्या बाबतीत तर दुसरं काम कुठलंच साधन करत नाही.

चष्मा: आधी हे सांगा, पट्टी हातात राहिली का?

या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

पट्टी मानेवर राहिली आणि चष्मा तेवढा गेला असेल, तर काडी नळीतून निसटली. पट्टीच्या दोन्ही टोकांना ज्या रबरी नळ्या असतात त्या काडीवर फक्त घर्षणाने बसलेल्या असतात. पाण्यात उतरण्याआधी आपण सनस्क्रीन चोपडतो, केसांना खोबरेल असतं, त्यात घाम. काडी बारीक धातूची असेल तर नळीला पकडायला जागाच नसते. बनाना राईडवर (होडीमागे ओढल्या जाणाऱ्या, केळ्यासारख्या लांब फुगवलेल्या तराफ्यावर) शेवटी मुद्दाम पलटी मारतात, तेव्हा पाणी चेहऱ्यावर खालून आणि बाजूने आदळतं, चष्मा वर उचलला जातो आणि नळी सुटते.

यावर उपाय सोपा आहे, पण तो किनाऱ्यावर नाही, खोलीवरच करायचा. काड्यांची टोकं भांड्याच्या साबणाने धुऊन कोरडी करा आणि पट्टी बसवा. मग प्रत्येक नळीवरून शिवणाच्या जाड सुती दोऱ्याचे चार-पाच वेढे देऊन गाठ मारा. सुती दोरा ओला झाला की आवळतो. गावात सहज मिळतो म्हणून काही जण मासेमारीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधतात. तो ताकदीला उत्तम, पण गुळगुळीत असल्यामुळे त्याच्या साध्या गाठी पाण्यात सैल पडतात. नवीन पट्टी घ्यायची असेल तर नळीऐवजी सरकफास असलेली घ्या. तो ओढ बसेल तसा घट्ट होत जातो.

पट्टीसकट सगळंच गेलं असेल तर कारण वेगळं असतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही: लाईफ जॅकेट. जॅकेटचे पट्टे ढिले असले की माणूस पाण्यात पडल्याबरोबर जॅकेट वर चढतं आणि हनुवटीला येऊन टेकतं. पट्टी मागे मानेवर सैल लोंबत असेल तर जॅकेटची कॉलर तिला खालून ढकलते आणि ती डोक्यावरून निघून जाते. म्हणजे पट्टी महागातली असो की स्वस्तातली, तिची जागा चुकली होती. पट्टी मानेवर नको, डोक्याच्या मागच्या फुगवट्याखाली, केसांना चिकटून बसली पाहिजे. मागचा मणी किंवा बकल ओढून एक बोट जेमतेम जाईल इतकीच ढील ठेवा. जॅकेटचे सगळे बकल लावल्यावर कोणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर पट्टे परत आवळा. हे चष्म्यासाठी जितकं महत्त्वाचं, त्याहून जिवासाठी.

आणखी एक वेळ आहे जिच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. राईड संपते, कमरेएवढ्या पाण्यात उतरून जॅकेट डोक्यावरून काढलं जातं आणि त्याच्यात अडकून चष्मा टपकतो. माझ्या पाहण्यात लाटेपेक्षा इथे गेलेले चष्मे कमी नाहीत. जॅकेट कोरड्या वाळूवर येऊन काढा, आणि त्याआधी चष्मा हातात घ्या.

तरंगेल की बुडेल, हे बादलीला विचारा

समुद्राच्या एक लिटर पाण्याचं वजन साधारण १,०२५ ग्रॅम असतं. चष्म्याच्या प्लास्टिक काचा याहून थोड्याच जड. पॉलिकार्बोनेटची घनता १.२, नेहमीच्या सीआर-३९ काचेची १.३ च्या आसपास. म्हणून प्लास्टिक फ्रेमचा पंचवीस-तीस ग्रॅमचा चष्मा पाण्यात बुडतो खरा, पण पाण्यातलं त्याचं वजन जेमतेम पाच-सात ग्रॅम भरतं. त्याला तरंगवायला फोमचा लहानसा तुकडा पुरतो. धातूची फ्रेम आणि खऱ्या काचेच्या लेन्स असतील तर मात्र हे वजन दुप्पट-तिप्पट होतं आणि करंगळीएवढी बारीक फोमची पट्टी हार मानते.

पाकिटावर "फ्लोटिंग" लिहिलंय यावर विसंबू नका. पट्टी तासभर बादलीत बुडवून ठेवा, मग चष्मा लावून सोडा. काही स्वस्त पट्ट्यांतला फोम स्पंजसारखा पाणी पितो. कोरडा असताना तो तरंगतो आणि भिजल्यावर चष्म्याला घेऊन तळाला जातो. घरच्या गोड्या पाण्यात तरंगला तर खाऱ्या पाण्यात तरंगणारच, कारण समुद्राचं पाणी जड असतं. आणि रंग भडक घ्या, नारिंगी किंवा पिवळा. काळी पट्टी तरंगत असली तरी दुपारच्या चकाकत्या पाण्यावर दहा हातांवरून दिसत नाही.

दोन सूचना, दोन्ही गळ्यासंबंधी. दोरी गळ्यात न सुटणारी नको, विशेषतः लहान मुलांच्या. ओढ बसल्यावर आपोआप उघडणारं बकल हवं. आणि चष्मा गळ्यात अडकवायला तंगूस कधीच वापरू नका. तो तुटत नाही, आणि मानेच्या बाबतीत तोच त्याचा दोष ठरतो.

"पण चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही"

होडीवाला सांगतो, "चष्मो काढून ठेवा, मगे गावाचो नाय" (मग सापडायचा नाही). चष्म्याचा नंबर दोनच्या आसपास असेल त्यांनी त्याचं ऐकावं. बनाना, बंपर आणि जेट स्की यांत बघण्यासारखं फार काही नसतं, पाणी तोंडावर उडतं आणि दहा मिनिटांत सगळं संपतं. पाच-सहा नंबरवाल्यांचं तसं नाही. त्यांना होडीची शिडी, पुढच्याचा हात, हाताचा इशारा यातलं काहीच दिसलं नाही तर धोका असतो. त्यांनी जुना, नंबर थोडा कमी असलेला चष्मा पट्टी लावून न्यावा. नवा, प्रोग्रेसिव्ह काचांचा महागडा चष्मा खोलीवर राहू दे. नंबरचे पोहण्याचे गॉगल हाही चांगला मार्ग आहे. ते अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने तयार मिळतात. सिलिंड्रिकल नंबर त्यात नसतो, पण तेवढ्या वेळेपुरतं भागतं. तुमच्या नंबरच्या थोडे खालचे घ्या.

स्कूबा आणि स्नॉर्केलिंगचा हिशेब निराळा. मास्कच्या आत चष्मा चालतच नाही. काडी रबराच्या कडेतून बाहेर येते, तिथे फट पडते आणि मास्क भरतो. दिलासा असा की मास्क लावून पाण्याखाली वस्तू जवळपास एक-तृतीयांश मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात. हा प्रकाशाच्या वक्रीभवनाचा परिणाम. दीड-दोन मायनस नंबरवाल्यांना मालवणच्या किनाऱ्यालगतचे मासे आणि प्रवाळ चष्म्यावाचून बऱ्यापैकी दिसतात. नंबर जास्त असेल तर बुकिंग करतानाच नंबरचा मास्क आहे का, ते फोनवर विचारा. किनाऱ्यावर पोचल्यावर विचारलं तर हाती येईल तो घ्यावा लागतो.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाणारे बरेच असतात. पाणी आणि लेन्स यांचं जमत नाही. अकॅन्थामिबा नावाचा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकून बुबुळाला गंभीर संसर्ग करू शकतो. घालायच्याच असतील तर एकदा वापरून टाकायच्या घ्या, वर घट्ट गॉगल किंवा मास्क लावा आणि बाहेर आल्यावर फेकून द्या. घराकडे परतेपर्यंत तशाच डोळ्यांत ठेवू नका.

दागिने

इथे माझं मत स्पष्ट आहे: सोनं खोलीवर. बावीस कॅरेट सोनं पाण्याच्या सतरा-अठरा पट जड असतं. ते पडलं की सरळ तळाला जातं आणि लाटेच्या प्रत्येक येण्या-जाण्यात वाळूत आणखी खाली रुतत जातं. चष्मा निदान वाळूवर पडलेला दिसतो तरी.

"माझी अंगठी बोटात घट्ट आहे, निघतच नाही" हे वाक्य खोलीतल्या बोटाबद्दल खरं असतं. पाण्यात बराच वेळ राहिलं की बोटांतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बोटाच्या टोकांना सुरकुत्या पडतात त्या त्यामुळेच, आणि बोट किंचित बारीक होतं. वर सनस्क्रीनचा बुळबुळीत थर. जी अंगठी साबण लावून काढावी लागायची ती हात झटकल्यावर उडते. याउलट खरोखरच घट्ट असलेली अंगठी जास्त धोक्याची. होडीत चढताना ती शिडीच्या कडेला किंवा बनानाच्या दोरीत अडकली आणि अंगाचं वजन त्यावर आलं, तर बोटाची कातडी सोलून निघू शकते. अंगठी गेली तर दुसरी करता येते.

मंगळसूत्राचा प्रश्न नाजूक. लांब मंगळसूत्र जॅकेटच्या बकलात हमखास अडकतं, आणि ओवण जुनी असेल तर एका झटक्यात मणी पाण्यात. काढायचंच नसेल तर काळ्या मण्यांची आखूड साधी पोत घालून या आणि ती बंद गळ्याच्या टी-शर्टच्या आत राहू द्या. सेफ्टी पिनेने कपड्याला टाचू नका, पलटी झाली की ती पिन उघडून अंगातच शिरते. सासूबाईंची समजूत कशी घालायची हा प्रश्न या पोस्टच्या कक्षेबाहेरचा आहे.

पैंजणांचा विचार कोणी करत नाही. बनानावर पाय दोन्ही बाजूंना दोऱ्यांशेजारी असतात, पैंजणाची कडी तिथे अडकते. जोडवी उघड्या तोंडाची असतात, ओल्या वाळूत चालताना निघून जातात. कानातल्यांची फिरकी पाण्यात जाण्याआधी बोटाने तपासा. लोंबते झुबे काढाच. खारं पाणी मोत्यांनाही मानवत नाही.

गाडीची किल्ली

चष्म्यापेक्षा किल्लीने जास्त लोकांची सुट्टी खाल्ली आहे. दुसरी किल्ली पुण्यात किंवा कोल्हापुरात कपाटात असते, आणि हल्लीच्या गाड्यांना किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू करता येत नाही. कुलूपवाला दार उघडून देईल, गाडी चालू करून देणार नाही.

किल्ली खिशात नेऊच नका. चेन असलेल्या खिशातही. बर्म्युड्याच्या चेनचं टोक पाण्याच्या दाबाने सरकतं आणि इलेक्ट्रॉनिक किल्लीला तसंही खारं पाणी चालत नाही. खोलीवर यजमानांकडे द्या. दिवसाच्या सहलीला आला असाल तर घोळक्यातला एक माणूस किनाऱ्यावर बसतो, किल्ली त्याच्याकडे. टायरवर ठेवायची युक्ती पार्किंगमधल्या प्रत्येकाला माहीत असते. फोमचा गोळा लावायचा असेल तर किल्लीबरोबरचा पितळी गणपती, बाटली उघडायचं यंत्र आणि घराच्या तीन चाव्या आधी काढा. तो गोळा एका किल्लीसाठी असतो, संसारासाठी नाही.

किल्ली भिजलीच तर लगेच उघडून बटण सेल काढा, आतली सर्किटची पाटी गोड्या पाण्याने हलकेच धुवा, सावलीत दोन दिवस पूर्ण वाळवा आणि नवा सेल घाला. नुसतं पुसून तसंच वापरलं तर आठवड्याभरात आत हिरवट गंज धरतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून जातं, ते मागे राहतं. तांदळाच्या डब्यात ठेवून ओल थोडी कमी होईल, मीठ जाणार नाही.

फोन

"माझा फोन वॉटरप्रूफ आहे." फोनच्या माहितीत पाणी रोखण्याचा दर्जा लिहिलेला असतो. त्यातलं आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं, आणि ही चाचणी प्रयोगशाळेतल्या स्थिर, गोड्या पाण्यात होते. आयपी६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी ठरवते, पण पाणी तेच. जेट स्कीवरून वेगात पाण्यावर आपटणं त्यात धरलेलं नसतं.

पाउच वापरत असाल तर आत टिश्यू पेपर ठेवून अर्धा तास पाण्यात दाबून धरा. कागद कोरडा राहिला तरच फोन आत. पाउचच्या तोंडाशी वाळूचा एक कण अडकला तरी पाणी आत येतं, म्हणून ते किनाऱ्यावर उघड-बंद करू नका. आत थोडी हवा ठेवली की पाउच तरंगतो. दोरी गळ्यात मोकळी सोडू नका, पाउच जॅकेटच्या आत सारा. खरं तर राईडचे व्हिडिओ बहुतेक ठिकाणी तेच काढून देतात, त्यामुळे फोन न नेणं सगळ्यांत बरं.

वस्तू पडलीच तर

पहिली गोष्ट: तिथेच नाचू नका. चार जणांनी पायांनी चाचपडलं की वस्तू वाळूत दाबली जाते आणि पाणी गढूळ होतं. दुसरी गोष्ट, जागा धरून ठेवा. मच्छीमार समुद्रात आपली जागा दोन खुणांनी लक्षात ठेवतात. किनाऱ्यावरचं एक माड आणि त्याच्या मागचं घर एका रेषेत, तसंच दुसऱ्या बाजूला दुसरी जोडी. दोन रेषा जिथे छेदतात तिथे वस्तू आहे. "त्या लाल छत्रीसमोर" ही खूण चालत नाही, छत्री संध्याकाळी दुसरीकडे असते.

कर्ली नदीच्या मुखाजवळ, त्सुनामी आयलंडच्या परिसरात, पाणी कित्येक ठिकाणी कमरेएवढं असतं आणि ओहोटीला वाळू उघडी पडते. तिथे शोधण्यात अर्थ आहे. ओहोटी कधी, याचा ढोबळ हिशेब तिथीवरून निघतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात संध्याकाळी पाचच्या पुढे पाणी सगळ्यांत खाली जातं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यांत कमी असतो तेव्हा, पाणी फारसं हटत नाही, तेव्हा शोधायला कमी वाव. नेमकी वेळ होडीवाल्याला विचारा, त्याला घड्याळ न बघता सांगता येते. अलिबागकडे भरती-ओहोटीतला फरक मालवणपेक्षा बराच मोठा, म्हणूनच तिथे ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. पण पाणी गढूळ असल्यामुळे तळ दिसत नाही.

नदीच्या मुखाशी ओहोटीचा ओढा जोरदार असतो. तरंगणारी वस्तू समुद्राच्या दिशेने शोधायची, पण होडीतून. जॅकेट काढून, पोहत, "एवढंसं तर आहे" म्हणत तिच्यामागे जायचं नाही.

सगळं जागेवर असेल, तरी चष्मा खराब होतो तो असा

पाण्यातून आल्यावर लोक टी-शर्टच्या टोकाने काच पुसतात. काचेवर मिठाचे आणि वाळूचे कण असतात, पुसताना ते ओरखडे काढतात. आधी भरपूर गोडं पाणी ओता, मग बोटांनी साबण लावून धुवा, मग मऊ कापड. बिजागरीच्या स्क्रूला मीठ लागून गंज धरतो, वाळल्यावर तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. जादा तेल टिपून घ्या, नाहीतर ते काडीवर उतरतं आणि पुढच्या वेळी पट्टी पुन्हा घसरते. आणि राईडला जाताना चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडी इतकी तापते की काचेवरच्या अँटी-रिफ्लेक्शन थराला बारीक भेगा पडतात. त्या नंतर कशानेही जात नाहीत, काचाच बदलाव्या लागतात.